ग्रिम परीकथा नाणी

जर्मनीने याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंच्या परीकथांवर काढलेली स्मारक नाण्यांची मालिका. त्यांच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या द्विशताब्दीनिमित्त २०१२ मध्ये १० युरोचे नाणे निघाले आणि पुढे दरवर्षी एकेका कथेची भर पडत गेली. हिमगौरी (२०१३), हान्सेल आणि ग्रेटेल (२०१४), ब्रेमेनचे वादक (२०१७), बेडूक राजा (२०१८) ही त्यांतली काही.

केवळ वजनावर विकल्या जाणाऱ्या एक औंसी गुंतवणूक नाण्यांत ही मोडत नाहीत. ती चलनी नाणी आहेत. तरीही चांदीच्या भावाने त्यांचा घाट ठरवला आहे. २०१० पर्यंत जर्मनीच्या १० युरोच्या स्मारक नाण्यात ९२५ शुद्धतेची, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध, १८ ग्रॅम चांदी असे. चांदी इतकी महागली की धातूच दर्शनी किमतीला भारी पडू लागला, आणि असे नाणे सरळ मुशीत जाते. म्हणून २०११ पासून साधी आवृत्ती तांबे-निकेलची झाली, तर आरशासारख्या झिलईच्या आवृत्तीत ६२५ शुद्धतेचा १६ ग्रॅमचा मिश्रधातू, म्हणजे जेमतेम १० ग्रॅम चांदी उरली. हिमगौरीचे नाणे याच काळातले. २०१६ मध्ये दर्शनी किंमत २० युरो केली, तेव्हा कुठे दोन्ही आवृत्त्यांत १८ ग्रॅम, ९२५ची चांदी परतली. त्या साली लाल टोपीवाल्या मुलीची पाळी होती.

एका बाजूला कथेतला प्रसंग, दुसऱ्या बाजूला जर्मन गरुड, साल, किंमत आणि टांकसाळीचे अक्षर: बर्लिनचे ए, म्युनिकचे डी, श्टुटगार्टचे एफ, कार्ल्सरूहचे जी, हॅम्बुर्गचे जे. मात्र या मालिकेचा खरा जीव कडेवर आहे. ३२.५ मिलिमीटर व्यासाच्या या नाण्याच्या कडेवर मजकूर कोरलेला असतो. ब्रेमेनच्या नाण्यावर ‘मरणापेक्षा बरे काहीतरी तुला कुठेही मिळेल’ या अर्थाचे जर्मन वाक्य आहे. रश्श्यासाठी मान कापली जाणार म्हणून जिवाच्या आकांताने आरवणाऱ्या कोंबड्याला म्हातारे गाढव हेच सांगून सोबत घेते. मुलांच्या गोष्टीतले इतके धीराचे वाक्य सरकारी नाण्यावर यावे, ही निवड फार मोलाची आहे.

झिलईदार आवृत्ती जादा दराने विकली जाते, साधी मात्र दर्शनी किमतीलाच मिळे. ही नाणी युरोत असली तरी कायदेशीर चलन म्हणून ती फक्त जर्मनीत चालतात.