प्रिंट स्क्रीन की > चिन्ह? डॉसमधली नेहमीची गल्लत

जळगाव-रावेर पट्ट्यात एखाद्या केळीच्या आडतीत किंवा जिनिंगमध्ये जुन्या खतावणीसाठी डॉसचा (विंडोजआधीची, कमांड टाइप करून चालणारी प्रणाली) पीसी अजून झाकून ठेवलेला असतो. हिशोब बाहेर काढायची वेळ आली की प्रश्न ठरलेला: ‘भो, स्क्रीनवर तर सगळं दिसतंय, मग फाइल रिकामी का?’

शिफ्ट-प्रिंट स्क्रीन आणि कमांडपुढचं > ही स्क्रीनवरचं फाइलीत किंवा कागदावर काढायच्या एकाच कामाची दोन बटणं, असा समज असतो. खरा फरक अक्षरं कुठून उचलली जातात, यात आहे.

> हे चिन्ह एमएस-डॉस २.० पासून, म्हणजे १९८३ पासून आहे. डीआयआर > लिस्ट.टीएक्सटी असं दिलं की यादी स्क्रीनवर येतच नाही, सरळ फाइलीत जाते. फाइलीच्या जागी पीआरएन लिहा, प्रिंटर सुरू होतो. (एकेरी > जुनी फाइल न विचारता पुसतं, खाली जोडायचं तर >> द्या.) पण वळतं फक्त तेच, जे प्रोग्रॅम डॉसच्या हाती देतो. हिशोबाचे बरेच प्रोग्रॅम वेगासाठी डॉसला बाजूला ठेवून थेट व्हिडिओ मेमरीत, म्हणजे स्क्रीनवरचं दृश्य जिथून उमटतं तिथे, लिहायचे. पाटाला बारं फोडून पाणी वळवता येतं. विहिरीवरून थेट पाइपानं आलेलं कसं वळणार? कंट्रोल-पीचंही तेच: डॉसमार्फत येणाऱ्या ओळी स्क्रीनसोबत प्रिंटरलाही जातात, बाकीच्या नाहीत.

शिफ्ट-प्रिंट स्क्रीन हे बायोसचं, म्हणजे संगणकाच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रॅमचं काम. स्क्रीनवर त्या क्षणी असलेल्या २५ ओळी, प्रत्येकी ८० अक्षरं, ते वाचतं आणि एलपीटी१ ला (प्रिंटर जोडायचा पहिला पॅरलल पोर्ट) पाठवतं. कोणी लिहिलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, म्हणून खतावणीही छापली जाते, पण एका वेळी एकच पान. आलेख छापायचा तर आधी ग्राफिक्स ही कमांड चालवून ठेवावी लागते.

कागदावर एक गंमत हमखास होते. तक्त्याच्या चौकटीच्या जागी तिरपे एम, डी आणि ३ उमटतात. एप्सन प्रिंटरचा अक्षरसंच इटॅलिकवर असला की १२८ च्या पुढचे कोड, ज्यात या रेषाही येतात, तिरपी अक्षरं म्हणून छापले जातात. प्रिंटर बिघडलेला नसतो; प्रिंटरवरच्या छोट्या खटक्यांनी (डिप स्विच) आयबीएमचा संच निवडा, रेषा परत येतात.

प्रिंट स्क्रीनचा मजकूर फाइलीत हवा असेल तर > चा उपयोग शून्य, कारण बायोस डॉसला विचारतच नाही. त्यासाठी इंटरप्ट १७एच वर (बायोसची प्रिंटरकडे अक्षरं पाठवायची वाट) बसणारा छोटा मेमरी-रेसिडेंट, म्हणजे मेमरीत ठाण मांडून राहणारा, प्रोग्रॅम लागतो, नाहीतर सगळं नव्या संगणकावर डॉस चालवणाऱ्या डॉसबॉक्स-एक्समध्ये हलवून तिथला पॅरलल पोर्ट फाइलीकडे वळवायचा. माझं मत विचाराल तर त्याआधी प्रोग्रॅमचा रिपोर्ट मेनू उघडून पाहा. त्यात फाइलीत छापायची सोय असली तर २५-२५ ओळींचे तुकडे जोडत बसावं लागत नाही. आणि मोड एलपीटी१:=कॉम१ ही कमांड कोणी सुचवली, तर ती फक्त छपाई सिरियल पोर्टवर नेते. फाइल त्यानं तयार होत नाही.