एपिडॉरिया: अस्क्लेपियसचा सण आला कुठून?

जुने ग्रीक देव नव्याने पुजणारे लोक आज ग्रीसमध्ये आहेत तसे अमेरिकेतही आहेत, आणि त्यांच्या वर्षात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास एपिडॉरिया येतो, म्हणजे वैद्यकीचा देव अस्क्लेपियस याचा सण. आता गंमत अशी की हा सण मुळात अथेन्सचा नाहीच, बाहेरून आलेला आहे.

अस्क्लेपियसचं मोठं ठाणं एपिडॉरसला, हे दक्षिण ग्रीसमधलं एक शहर. अथेन्समध्ये इ.स.पू. 430 ला साथ आली, माणसं पटापट मेली, पुढच्याच वर्षी अथेन्सचा नेता पेरिक्लिसही गेला, आणि वर स्पार्टाशी युद्ध चालू, त्यात एपिडॉरस शत्रूच्या बाजूला. 421 ला तह झाला आणि लगेच 420 च्या सुमारास देव अथेन्सला आला. आणला कोणी, तर टेलेमॅकस नावाच्या एका साध्या नागरिकाने, अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर देऊळ उभं केलं आणि सगळं दगडावर कोरूनही ठेवलं, हे बरं केलं त्याने. देव आला तेव्हा मिस्ट्रीजचा, म्हणजे अथेन्सजवळच्या एल्युसिसला डिमीटर देवीच्या गुप्त दीक्षाविधींचा, मोठा उत्सव चालू होता, म्हणून मुक्कामही आधी त्याच देवीच्या अथेन्समधल्या देवळात. म्हणूनच हा सण त्या उत्सवाच्या मध्येच बसलाय. कथा अशी की देव दीक्षेला उशिरा पोचला, तरी त्याला आत घेतलं.

देवळात उपचार म्हणजे काय, तर झोपायचं. अंघोळ, नैवेद्य, मग रात्री तिथेच आडवं व्हायचं आणि स्वप्नात देव येऊन बरं करणार किंवा उपाय सांगणार. एपिडॉरसच्या शिलालेखांत अशा बऱ्याच केसेस आहेत. अथेन्सची अ‍ॅम्ब्रोसिया, एका डोळ्याने आंधळी, बाकीच्यांच्या गोष्टी वाचून हसली की नुसत्या स्वप्नाने लंगडे आंधळे कसे काय बरे होतील. रात्री देव म्हणाला, बरी करतो, पण फी म्हणून देवळात चांदीचं डुक्कर ठेव, तुझ्या अडाणीपणाची आठवण! अथेन्सचे लोक काही अगदीच भाबडे नव्हते म्हणा, विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. 388 च्या नाटकात देवळात दिवे मालवल्यावर पुजारीच नैवेद्याची अंजिरं आणि केक पोत्यात भरताना दाखवलाय.

इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या शेवटी रोमन सम्राट थिओडोसियसने जुनी पूजा कायद्याने बंद केली. अथेन्सचं हे देऊळ मात्र तग धरून होतं, पाचव्या शतकात तत्त्वज्ञ प्रोक्लस एका आजारी मुलीसाठी तिथे प्रार्थना करायला गेला होता. मग मोठी गॅप. ग्रीसमधली वायएसइइ ही जुना ग्रीक धर्म पाळणाऱ्यांची संघटना 1997 ची, सरकारमान्यता मिळाली 2017 ला.

त्यामुळे आजचा सण म्हणजे अखंड परंपरा नाही, शिलालेख आणि जुन्या स्तोत्रांवरून परत जुळवलेला आहे. घरी धूप, वाइन, ऑर्फिक स्तोत्रांतलं (पुराणातला कवी ऑर्फियस याच्या नावावरची जुनी स्तोत्रं) अस्क्लेपियसचं स्तोत्र, सोबत त्याची मुलगी हायजिआ, आणि काहीजण त्या रात्री स्वप्न पडावं म्हणून प्रार्थना करून झोपतात. तारखेवर मात्र एकमत नाही, पुरावाच अर्धवट, म्हणून कोणी जुन्या अथेन्सच्या पंचांगातल्या बोएड्रोमियॉन महिन्याची 17 धरतं तर कोणी 18.