मॅग्नेटोसोम
काही जलवासी जीवाणू आपल्या पेशीत जे मेदपटलाने वेढलेले, साधारणपणे ३५ ते १२० नॅनोमीटर आकारमानाचे चुंबकीय स्फटिक घडवितात, त्यांना मॅग्नेटोसोम म्हणतात. स्फटिक बहुधा मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडाचा, क्वचित ग्रेगाइट या लोहाच्या सल्फाइडाचा असतो.

शोधाच्या श्रेयाविषयी मतभेद आहेत. प्रचलित ग्रंथांत ते अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिचर्ड ब्लेकमोर यांना दिले जाते. सूक्ष्मदर्शकाखालील गाळाच्या थेंबात जीवाणू नेहमी एकाच कडेला जमतात व जवळ चुंबक फिरविताच दिशा बदलतात, हे त्यांचे निरीक्षण १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि इटलीतील पाव्हिया विद्यापीठाच्या साल्वातोरे बेल्लीनी यांनी असे उत्तराभिमुख जीवाणू १९६३ मध्येच नोंदविले होते. त्यांच्या इटालियन टिपणांचे इंग्रजी भाषांतर मात्र २००९ मध्ये छापले गेले. निरीक्षणाचा अग्रमान बेल्लीनी यांना आणि विषयाला शास्त्रीय बैठक दिल्याचा मान ब्लेकमोर यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

मॅग्नेटोसोमचे कण पेशीत माळेसारखे का राहतात, याचा उलगडा २००६ च्या सुमारास झाला. ॲक्टिन या तंतू बनविणाऱ्या प्रथिनासारखे मॅम-के हे प्रथिन पेशीच्या लांबीने तंतू उभारते आणि मॅम-जे प्रथिन कणांना त्या तंतूशी जखडते. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्डजवळच्या रिक नदीच्या गाळातून मिळालेल्या *मॅग्नेटोस्पिरिलम ग्रायफिस्वाल्डेन्स* या जातीत मॅम-जेचे जनुक काढून टाकल्यावर माळ तुटून कणांचा गोळा झाला. परस्परांना ओढणाऱ्या चुंबकांची सरळ ओळ आपोआप टिकत नाही, हे यावरून दिसते.

वैद्यकात या कणांचे मोल त्यांच्या एकसारख्या आकाराइतकेच त्यांच्या नैसर्गिक आवरणात आहे. रासायनिक रीतीने केलेल्या कणांवर वेगळा लेप चढवावा लागतो. येथे तो जीवाणूच देतो, आणि त्याच्या मेद-प्रथिनांवर विकरे किंवा प्रतिपिंडे बसविता येतात. जपानमध्ये मात्सुनागा व कामिया यांनी १९८७ मध्ये अशा कणांवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवून दाखविले. प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) चुंबकीय क्षेत्रात कण तापतात. या उष्णतेने अर्बुद नष्ट करण्याच्या उंदरांवरील प्रयोगांत (२०११) सुट्या कणांपेक्षा माळा अधिक परिणामकारक ठरल्या; सुटे कण एकमेकांना चिकटून अर्बुदात असमान पसरतात, हे त्याचे एक कारण दिले जाते.

उत्पादनातील अडचण ऑक्सिजनाची आहे. तो वाढला की मॅग्नेटाइट बनणे थांबते, म्हणून किण्वनपात्रात तो अत्यल्प ठेवावा लागतो. पेशी फोडून कण चुंबकाने वेगळे करतात, परंतु हे जीवाणू ग्रॅम-ऋण (म्हणजे पेशीभोवती जादा बाह्य पटल असलेल्या गटातील) असल्याने त्या बाह्य पटलातील लिपोपॉलिसॅकराइड हे आंतरविष कणांसोबत येऊ शकते. ते पूर्ण काढण्यासाठी आवरणही उतरविले, तर त्याच्या जागी कृत्रिम लेप द्यावा लागतो.