दुपटं ऊब देत नाही, आई देते

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी सरकवली जाते. पूर्ण दिवसांच्या बाळाचं कुंची-दुपट्यात भागतं. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ मात्र गुंडाळूनही गार पडतं. दुपटं ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतं. आणि या बाळाकडे धरून ठेवण्याइतकी ऊबच नसते. उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी साठते गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत, त्याआधीच ते बाहेर आलेलं असतं. त्वचा पातळ, वजनाच्या मानाने तिचा पसारा मोठा. तापमान ३६.५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की रक्तातली साखर उतरू लागते, श्वास अडखळतो. धुराची शेगडी तर त्या कोवळ्या फुप्फुसांना घातकच.

आईची छाती मात्र स्वतः ऊब तयार करते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास इन्क्युबेटर अपुरे पडत होते, जंतुसंसर्गाने बाळं दगावत होती. तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. तीच आजची ‘कांगारू मदर केअर’.

तरीही ‘आधी काचेच्या पेटीत बाळ स्थिर होऊ द्या, मग आईकडे’ हीच रीत कित्येक वर्षं चालली. भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासाने ती उलटवली. १ ते १.८ किलोच्या ३,२११ बाळांपैकी निम्म्यांना जन्मल्याबरोबर छातीशी घेतलं, उरलेल्यांना स्थिर झाल्यावर. पहिल्या २८ दिवसांत पहिल्या गटात १२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटात १५.७ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: जन्मल्यापासून, दिवसाला ८ ते २४ तास. ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही किंवा जे अत्यवस्थ आहे, त्याचा अपवाद.

बाळाला टोपडं, मोजे, लंगोट एवढंच घालून आईच्या दोन्ही स्तनांमध्ये उभं धरायचं, मान एका बाजूला, किंचित वर. नाक-तोंड मोकळं दिसलंच पाहिजे. वरून सुती कापडाने बांधायचं. एका बैठकीला निदान तासभर. आईचं दूधही यामुळे चांगलं उतरतं.

पण आठ तास बसायचं म्हणजे तिची बाकीची कामं कुणीतरी उचलायला हवीत. सुरगाणा-पेठहून घाट चढून नाशिकला आलेल्या बाईला नवजात बाळांच्या विभागाबाहेर ताटकळत ठेवणं मला अजिबात पटत नाही. तिला बाळाजवळ खाट आणि दोन वेळचं जेवण हा उपचाराचाच भाग आहे. ती दमली, आजारी पडली, तर बाबांनी, आजीने छातीशी घ्यावं. वजन अडीच किलोच्या आसपास आलं की बाळ स्वतःच चुळबुळ करून बाहेर निघू पाहतं. तोवर घरी गेल्यावरही हे चालू ठेवायचं.