स्टेअरिंगच्या सांध्यातला एक मिलिमीटर

पिकअप चालवणाऱ्याला स्टेअरिंगचा ‘प्ले’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे हलवलं तरी गाडीला पत्ता नसतो. पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की खालून ‘खट्’ आवाज येतो. टायर एकाच कडेनं खाल्ला जातो. तासगावच्या द्राक्षांचे क्रेट, सांगली मार्केट यार्डातली हळदीची पोती, शेतातून बाजारात जाणारा भाजीपाला, असं काही ना काही रोज वाहणाऱ्या गाडीला हे दुखणं कधी ना कधी लागतंच. आणि त्याच्या मुळाशी असलेली झीज पुष्कळदा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचीच असते.

एवढ्याशा झिजेचा एवढा मोठा गोंधळ का होतो, ते पाहायला गाडीखाली जायला हवं. स्टेअरिंगचा दांडा खाली स्टेअरिंग बॉक्समध्ये जातो. आतल्या गिअरमुळे स्टेअरिंग साधारण १८ अंश फिरलं की चाक १ अंश वळतं. मॉडेलप्रमाणे हा आकडा बदलतो, पण हिशेबाला १८ धरू. बॉक्समधून खाली लोंबणारा ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो. ड्रॅग लिंक एका चाकाला जोडलेला स्टेअरिंग आर्म वळवते आणि त्या चाकाची हालचाल टाय रॉड दुसऱ्या चाकापर्यंत पोचवतो. बऱ्याच गाड्यांत बॉक्सऐवजी रॅक, म्हणजे आडवा सरकणारा दात्यांचा दांडा, असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असतात. रचना कोणतीही असो, जिथे दोन भाग जुळतात तिथे बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा, असतो, आणि खेळ सुरू होतो तो तिथेच.

आता हिशेब. स्टेअरिंग आर्म १५० मिलिमीटर लांब आहे आणि ड्रॅग लिंकचा एक सांधा १ मिलिमीटर सैल झालाय असं धरा. चाकाशी हा १ मिलिमीटर म्हणजे जेमतेम ०.३८ अंश. पण तेवढी ढिलाई भरून काढायला स्टेअरिंग त्याच्या १८ पट, म्हणजे जवळजवळ ७ अंश फिरवावं लागतं. स्टेअरिंगची त्रिज्या २०० मिलिमीटर असेल तर कडेला हात २४ मिलिमीटर सरकतो, म्हणजे इंचभर. असे दोन सांधे गेले की दोन इंच. गिअर हाताचं बळ वाढवतो, तसा प्लेही वाढवून दाखवतो. त्याचा एक फायदा असा की झीज लहान असतानाच हाताला कळते. प्रश्न फक्त ऐकण्याचा आहे.

कायद्याची मर्यादा मात्र भलतीच सैल आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टेअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. आपल्या हिशेबात ३० अंश म्हणजे स्टेअरिंगच्या कडेला १० सेंटिमीटर आणि सांध्यांत मिळून ४ मिलिमीटरहून जास्त झीज! पासिंगला गाडी यात बसली म्हणून खंबाटकीच्या उतारावर निर्धास्त राहावं असा त्याचा अर्थ नाही. त्याच नियमात पुढे एक वाक्य आहे, ते मला जास्त कामाचं वाटतं: लिंकेजच्या, म्हणजे या जोडदांड्यांच्या, सगळ्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात.

रबरी टोपीचं महत्त्व पाहायचं असेल तर मिस्त्रीकडून एखादा काढून टाकलेला टाय रॉड एंड, म्हणजे टाय रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट, मागून घ्या आणि ग्राइंडरवर मधोमध कापून घ्या. आत कडक, चकचकीत स्टीलचा गोळा असतो. त्याला मिठीत घेणारी वाटी प्लॅस्टिकची किंवा धातूची, आणि कित्येकदा खाली एक छोटी स्प्रिंग. टोपी शाबूत असलेल्या सांध्यातलं ग्रीस मऊ असतं. टोपी फाटलेल्यात ते काळं आणि कचकचीत झालेलं दिसतं. चिमटीत चोळलं तर खर लागते. व्हॉल्व्ह घासायला मिस्त्री जी ग्राइंडिंग पेस्ट वापरतात, तिच्यात आणि या मिश्रणात तत्त्वाचा फरक नाही. दोन्ही म्हणजे तेलकट पदार्थात मिसळलेली कठीण पूड. वाटी प्लॅस्टिकची असेल तर प्रकरण आणखी वाईट, कारण धुळीचे कण मऊ वाटीत रुतून बसतात आणि कठीण गोळ्यालाच खरवडत राहतात. पावसाळ्यात त्यात पाणी शिरलं की गोळ्यावर गंजाचे खड्डे पडतात, आणि मग तो गोळाच वाटीला कानशीसारखा घासतो.

ही झीज सगळीकडे सारखी होत नाही. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते. गोळा वाटीत त्याच एका जागी अंशभर इकडे, अंशभर तिकडे थरथरत राहतो आणि तेवढाच पट्टा खाल्ला जातो. त्यामुळे जुना सांधा मधोमध सैल आणि वळणावर घट्ट लागतो. स्टेअरिंग बॉक्सचंही तसंच. त्यातल्या गिअरची जुळणी मुद्दाम मध्यभागी सगळ्यात घट्ट ठेवलेली असते, आणि झिजतोही तोच भाग सगळ्यात जास्त.

आता गॅरेजातला नेहमीचा संवाद. ‘स्टेअरिंग लय सैल झालंय,’ म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, ‘मालक, बॉक्स जरा टाइट करून देतो, दहा मिनिटांचं काम.’ बॉक्सवर एक स्क्रू असतो, तो पिळला की प्ले कमी झाल्यासारखा वाटतो. झीज टाय रॉडमध्ये किंवा ड्रॅग लिंकमध्ये असेल तर हा उपाय चुकीच्या जागी आहे. मध्यभागी झिजलेले दाते जवळ आणले की न झिजलेल्या बाजूचे दाते एकमेकांत अडकतात. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होईनासं होतं. सैल स्टेअरिंगपेक्षा अडकणारं स्टेअरिंग जास्त धोक्याचं. त्या स्क्रूला हात शेवटी लावायचा, तोही मॅन्युअल बघून.

आधी दोषी सांधा शोधायचा. चाकं जमिनीवरच ठेवायची, कारण सांध्यांवर नेहमीचा भार हवा. एकानं केबिनमध्ये बसून स्टेअरिंग बोटभर, प्ले असेल तेवढंच, डावी-उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा, अर्धा तळहात रॉडवर आणि अर्धा आर्मवर. चांगल्या सांध्यात दोन्ही भाग एकदम निघतात. झिजलेल्या सांध्यात आधी रॉड सरकतो, मग ‘टिक्’ होऊन आर्म निघतो, आणि ते टिक् डोळ्यांआधी हाताला कळतं. मग चाक जॅकवर उचलून गाडी घोड्यावर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवायची (नुसत्या जॅकवर कधीच नाही) आणि घड्याळातल्या ९ व ३ च्या जागी धरून हलवायचं. खेळ असेल तर संशय टाय रॉडवर. १२ आणि ६ ला धरून खेळ लागला तर व्हील बेअरिंग, किंगपिन (चाक ज्या खुंटाभोवती वळतं तो) किंवा सस्पेन्शनचा बॉल जॉइंट बघायचा. एक खबरदारी अशी की आत स्प्रिंग असलेला सांधा खालून वर दाबला तर चांगला असतानाही थोडा दबतो. खरी परीक्षा रॉड ज्या दिशेनं ओढतो-ढकलतो त्या दिशेची.

एवढ्या सांध्यांची भानगड मुळात कशाला, हा प्रश्न सांगलीच्या रस्त्यावर सहज सुटतो. उसाची बैलगाडी दोन चाकांची. वळताना तिची चाकं आपापल्या वेगानं फिरतात आणि दिशा बैल देतात. ट्रॅक्टरच्या चारचाकी ट्रॉलीचा पुढचा अख्खा आस टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या चकतीवर, फिरतो. मोटारगाडीत मात्र दोन्ही पुढची चाकं आपापल्या खुंटाभोवती वेगवेगळी वळतात, आणि वेगवेगळ्या कोनात वळावी लागतात. आसांमधलं अंतर ३ मीटर, दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि वळणाचं केंद्र मागच्या आसाच्या मध्यापासून ६ मीटरवर असेल, तर आतलं चाक साधारण २९.५ अंश आणि बाहेरचं २४ अंश वळायला हवं. तसं झालं नाही तर एक चाक फरपटतं. ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी १७५९ च्या सुमारास आपल्या घोडागाडीसाठी अशी रचना केली होती. म्युनिकचे गाडी-कारागीर लँकेनस्पर्जर यांनी ती १८१७ मध्ये नव्यानं शोधली आणि १८१८ मध्ये लंडनमधल्या ॲकरमन यांनी तिचं पेटंट घेतलं. नाव राहिलं पेटंट घेणाऱ्याचं. टाय रॉडची लांबी आणि स्टेअरिंग आर्मचा तिरकेपणा यांतून ही भूमिती साधते, म्हणून सांधे झिजले की नुसता प्ले येत नाही, कोनही बिघडतात. चाक १ अंश तिरकं चाललं तर दर किलोमीटरला ते जवळजवळ साडेसतरा मीटर आडवं घासतं. टायर खाल्ला जातो तो असा.

दुरुस्तीत खरं शास्त्र आहे ते निमुळत्या खुंटाचं. बॉल जॉइंटचा खुंट शंकूसारखा असतो आणि तशाच छिद्रात घर्षणानं घट्ट बसतो. नट सोडला तरी तो निघत नाही. मग आर्मच्या डोळ्यावर, म्हणजे खुंट बसतो त्या छिद्राभोवतीच्या कडीवर, बाजूनं हातोड्याचा दणका देतात. डोळा क्षणभर दबून लंबगोल होतो आणि शंकू सुटतो. पुलर (ओढून काढायचं हत्यार) असेल तर उत्तम. दोन फाट्यांची पाचर ठोकायची ती फक्त सांधा फेकूनच द्यायचा असेल तर, कारण ती टोपी फाडते. नवा बसवताना खुंट आणि छिद्र पुसून कोरडं करायचं, नट टॉर्क रेंचनं आवळायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही. पिन नवी.

‘जाडजूड रॉड टाकून देऊ का?’ हा पुढचा प्रश्न. टाय रॉड दाबाखाली वाकतो, आणि वाकण्याला विरोध भरीव दांड्यात व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. व्यास दीडपट केला तर विरोध पाचपट. म्हणजे वारंवार रॉड वाकत असेल तर उपाय बरोबर आहे. पण झिजतो तो सांधा, रॉड नाही. शिवाय रॉड मजबूत झाला की दगडाचा दणका सरळ ड्रॉप आर्मवर आणि बॉक्सवर जातो, आणि टाय रॉडपेक्षा बॉक्स कितीतरी महाग. शर्यतीच्या गाड्यांतले उघडे रॉड एंड तर आपल्या धुळीत टाकूच नयेत. बहुतेकांना टोपीच नसते. स्टेअरिंग डँपर वेगळ्या कामाचा. तो थरथर कमी करतो, सैल सांधा घट्ट करत नाही.

त्यापेक्षा मोठी चूक होते ती पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवताना. जास्त माल भरता यावा म्हणून गाडी उंच केली की आडवी ड्रॅग लिंक तिरकी होते. ९०० मिलिमीटरची लिंक आडवी असताना चाक ५० मिलिमीटर उडालं, तर तिचं टोक १.४ मिलिमीटर सरकतं. दोन टोकांच्या उंचीत आधीच १०० मिलिमीटरचा फरक असेल आणि त्याच उडीनं तो १५० झाला, तर ७ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक खड्ड्यात चाक आपणहून वळतं, सांधे कोरे करकरीत असले तरी. मागे पाटे वाढवून माल आसाच्या मागे लादला तर पुढची चाकं हलकी होतात, ते वेगळंच.

नवा सांधा बसला की अलाइनमेंट करावीच लागते, जुने आटे मोजून तंतोतंत बसवला तरी. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणून रॉड फिरवला की दोन्ही टोकं एकदम लांबतात. दीड मिलिमीटरच्या आट्याला पाव फेरा म्हणजे लांबीत पाऊण मिलिमीटर, आणि ७०० मिलिमीटरच्या टायरवर टो-इनमध्ये (पुढची चाकं समोरून आत किती वळलेली आहेत त्यात) साडेतीन मिलिमीटरचा फरक. अंदाजानं फिरवण्याचं हे काम नाही. स्टेअरिंगची दांडी तिरकी राहिली तर काही जण स्टेअरिंग काढून सरळ बसवतात. तसं केलं की बॉक्सचा घट्ट मध्य एका बाजूला जातो आणि गाडी सरळ धावताना दाते सैल जागी येतात. ड्रॅग लिंकची लांबी, किंवा रॅक असेल तर दोन्ही टाय रॉड सारख्याच प्रमाणात उलट दिशांनी, जुळवून घ्यायचे आणि मगच चेक नट (ती लांबी पक्की धरणारे नट) आवळायचे.