मागच्या चाकांजवळचा गिअरबॉक्स: इटालियन ग्रान तुरिस्मो मोटारींच्या बांधणीची पार्श्वभूमी

इटलीतील ग्रान तुरिस्मो, म्हणजे जीटी, मोटारींविषयी लिहिताना बहुधा दोनच गोष्टींचा गौरव होतो: बारा सिलिंडरांच्या इंजिनाचा आणि पत्र्याला दिलेल्या देखण्या आकाराचा. दोन्हींचा मान रास्त आहे. तरीही दोन माणसे आणि त्यांचे सामान घेऊन आल्प्सच्या घाटांतून आणि लांबच लांब महामार्गांवरून तासन्‌तास वेगाने, विश्वासाने धावणारी मोटार कशी घडली, हे समजून घ्यायचे असेल तर गाडीचे वजन कोणत्या चाकांवर किती पडते, या फारशा न दिसणाऱ्या प्रश्नाकडे वळावे लागते. या प्रश्नाला इटलीतील अभियंत्यांनी दिलेले सर्वांत टिकाऊ उत्तर म्हणजे इंजिन पुढे ठेवून गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ नेणे. या रचनेला ट्रान्सअॅक्सल म्हणतात आणि तिचा प्रवास सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

आधी रूढ रचना पाहू. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११०० आणि तिचीच पुढे झालेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली आहे, त्यांना ती चांगली ठाऊक असेल. इंजिन पुढे, त्याच्या पाठीला चिकटून क्लच आणि गिअरबॉक्स, तिथून मागे जाणारा शाफ्ट, आणि शेवटी पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेला, दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा सलग एक्सल. कुटुंबाच्या मोटारीसाठी ही बांधणी स्वस्त, भक्कम आणि दुरुस्तीला सोपी आहे. पण इंजिन लांब आणि वजनदार झाले की गाडीचे नाक जड होते, ढकलणाऱ्या मागच्या चाकांवर पुरेसा भार उरत नाही आणि खडबडीत वळणावर सलग एक्सलच्या एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यालाही हलवतो.

या प्रश्नाला हात घातला तो तोरिनोच्या लान्चिया कंपनीने. १९५० साली तिने आणलेल्या आउरेलिया या मोटारीत फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ यांनी विकसित केलेले व्ही-सहा इंजिन होते. मालिकेने उत्पादन झालेल्या मोटारीत असे इंजिन पहिल्यांदाच बसले. अभियांत्रिकीची एकूण सूत्रे वित्तोरिओ यानो यांच्याकडे होती. सहा सिलिंडर व्हीच्या आकारात मांडल्यामुळे इंजिन आखूड झाले. शिवाय क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरांची जोडणी) आणि मागचे ब्रेकसुद्धा मागच्या बाजूला एकाच जोडणीत बसवले गेले. १९५१ साली याच गाडीचे बी-२० जीटी हे दोन दारांचे रूप आले. इंजिन होते १९९१ सीसीचे आणि शक्ती सुमारे ७५ अश्वशक्ती. आकडे आज किरकोळ वाटतील, परंतु त्याच वर्षीच्या मिल्ले मिल्या शर्यतीत, म्हणजे ब्रेशा ते रोम आणि परत अशा सुमारे हजार मैलांच्या खुल्या रस्त्यांवर, जोवान्नी ब्राक्को आणि उंबेर्तो माल्योली यांनी ही गाडी सर्व वर्गांत मिळून दुसरी आणली. पुढे होती ती दुपटीहून मोठ्या इंजिनाची फेरारी. जीटी मोटारींची परंपरा बी-२०पासून मोजावी, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि मलाही तेच योग्य वाटते, कारण निव्वळ ताकदीची उणीव मांडणीच्या शहाणपणाने भरून काढता येते हे तिने रस्त्यावर सिद्ध केले.

लान्चियाची ही विद्या मारानेल्लोपर्यंत, म्हणजे फेरारीच्या गावापर्यंत, पोहोचण्यामागे एक दुःखद घटनाक्रम आहे. ग्रां प्री शर्यतींसाठी यानो यांनी रचलेल्या डी-५० या गाडीतही गिअरबॉक्स मागे होता. त्या मोहिमेचा खर्च कंपनीला पेलेनासा झाला, त्यातच २६ मे १९५५ रोजी तिचा प्रमुख चालक आल्बेर्तो आस्कारी मोन्झा येथे मृत्युमुखी पडला, आणि दोन महिन्यांच्या आत लान्चियाने आपल्या शर्यतीच्या गाड्या व सारे साहित्य फेरारीच्या स्वाधीन केले. त्यांच्याबरोबर यानोही फेरारीचे सल्लागार झाले. फेरारीला ही कल्पना अगदीच नवी नव्हती. ७५० मोन्झासारख्या तिच्या शर्यतीच्या गाड्यांत गिअरबॉक्स आधीच मागे गेला होता. मात्र ग्राहकाला विकायच्या मोटारींत एन्झो फेरारी हा बदल करायला तयार नव्हते. २५० जीटीच्या साऱ्या पिढ्या सलग एक्सल आणि पाट्यांवरच धावल्या. १९६२ ची प्रख्यात २५० जीटीओसुद्धा त्याला अपवाद नव्हती, आणि तरीही ती जिंकत राहिली. जिंकणारी रचना मोडायची कशाला, हा विचार त्या काळात चुकीचा म्हणता येणार नाही.

दोन वर्षांत चित्र बदलले. १९६४ साली सान्तागाता येथून फेरूच्चो लाम्बोर्गिनी यांची ३५० जीटी ग्राहकांच्या हाती पडू लागली. तिच्यात बारा सिलिंडरांचे, चार कॅमशाफ्टचे (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यांचे) इंजिन होते आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते, म्हणजे प्रत्येक चाक धक्का आपापला सोसे. त्याच वर्षीच्या पॅरिस प्रदर्शनात फेरारीने २७५ जीटीबी मांडली. इंजिन जोआक्किनो कोलोंबो यांनी १९४७ साठी आखलेल्या मूळ बारा सिलिंडरी घराण्यातलेच, आता ३२८६ सीसीपर्यंत वाढलेले. खरी नवलाई मागे होती: पाच गिअरांचा बॉक्स डिफरन्शियलला जोडलेला आणि मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन. फेरारीच्या रस्त्यावरच्या मोटारीत दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच आल्या.

कागदावर सोपी दिसणारी ही फेरमांडणी प्रत्यक्षात किती अवघड होती, ते या गाडीच्या पहिल्या दोन वर्षांत दिसते. रूढ रचनेत गिअरबॉक्स शाफ्टच्या आधी येतो, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा बराच सावकाश फिरतो, पण त्याला वाढलेली पीळशक्ती (टॉर्क) सोसावी लागते. गिअरबॉक्स मागे नेला की शाफ्टवरचा पीळ कमी होतो, म्हणून तो सडपातळ चालतो. मात्र तो प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाच्याच गतीने, म्हणजे मिनिटाला सात हजारांहून अधिक फेरे घेत, फिरतो. २७५ मध्ये हा बारीक शाफ्ट मधल्या एका बेअरिंगवर तोललेला होता आणि इंजिन व गिअरबॉक्स चौकटीवर वेगवेगळे बसवलेले होते. दोन्ही टोके अगदी एका रेषेत नसली की थरथर सुरू होई आणि बेअरिंग झिजे. आधी शाफ्टच्या सांध्यांत सुधारणा झाली, पण पक्का इलाज १९६६ साली झाला: शाफ्टभोवती एक ताठ पोलादी नळी घालून इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट जोडले गेले. आता हा सगळा मिळून एकच अवयव झाला, त्यामुळे रेषेत राहण्याची चिंता संपली आणि चौकटीला टेकण्याच्या जागाही कमी लागल्या. त्या वर्षीच्या चार कॅमशाफ्टच्या २७५ जीटीबी/४ मध्ये हा उपाय होता. टॉर्क ट्यूब नावाची ही नळी प्रदर्शनात कोणालाच दिसत नाही. माझ्या मते मात्र संपूर्ण कथेतला सर्वांत मोलाचा भाग तीच आहे, कारण तिच्यामुळे शर्यतीची एक नाजूक युक्ती रोज वापरता येईल अशी झाली.

आकारातही याच काळात दुरुस्ती झाली. सुरुवातीच्या २७५ चे आखूड नाक मोठ्या वेगात हवेने उचलले जाऊन स्टिअरिंग हलके पडे, म्हणून १९६५ मध्ये ते लांब आणि निमुळते करण्यात आले.

पुढच्याच वर्षी जिनिव्हात लाम्बोर्गिनीची मिउरा अवतरली. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवलेले होते, आणि पुढे इंजिन असलेल्या वेगवान मोटारींचे दिवस भरले अशी भावना पसरली. फेरारीने १९६८ साली पॅरिसमध्ये ३६५ जीटीबी/४ आणून त्याला उत्तर दिले. १९६७ च्या डेटोना शर्यतीत फेरारीने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले होते, त्या आठवणीने लोक तिला डेटोनाच म्हणू लागले. पिनिनफारिना या मोटारींचे आकार आखणाऱ्या कंपनीतील तरुण रचनाकार लेओनार्दो फिओरावान्ती यांनी आखलेले लांब बॉनेट आणि मागे ढकललेली केबिन हे आतल्या यंत्ररचनेचेच बाह्यरूप होते. ४३९० सीसीचे इंजिन ३५२ अश्वशक्ती देई आणि कंपनीने सांगितलेला सर्वोच्च वेग ताशी २८० किलोमीटर होता. नळीने जोडलेला मागचा गिअरबॉक्स इथेही कायम होता.

इथे एक तांत्रिक बारकावा सांगायला हवा. इंजिन एका टोकाला आणि गिअरबॉक्स दुसऱ्या टोकाला असला की दोन्ही एक्सलवरचा भार समतोल होतो, पण वजन मध्यापासून दूर राहते. अशी गाडी दिशा बदलायला किंचित उशीर करते आणि घेतलेली दिशा सहजासहजी सोडत नाही. इंजिन मध्यभागी, म्हणजे चालकाच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे, असलेली गाडी याच्या उलट, चटकन वळणारी, आणि मर्यादा ओलांडली तर चटकन गिरकी घेणारी असते. शर्यतीच्या वर्तुळावर दुसरा गुण उपयोगी आहे. दिवसभराच्या प्रवासात, ओल्या महामार्गावर आणि आडव्या वाऱ्यात पहिलाच गुण चालकाला थकू देत नाही. डेटोनातही उणिवा होत्याच: सावकाश चालवताना स्टिअरिंग जड लागे आणि तेल तापेपर्यंत गिअर नाखुशीने पडत.

तरी काळाचा ओघ दुसरीकडे होता. १९७३ पासून फेरारीच्या सर्वांत वेगवान दोन आसनी मोटारीचे इंजिन चालकाच्या मागे गेले आणि तेस्तारोस्सापर्यंत तिथेच राहिले. चार आसनी ४०० आणि ४१२ मध्ये इंजिन पुढे होते, पण गिअरबॉक्स त्यालाच चिकटलेला. मधल्या काळात ही रचना सामान्य ग्राहकापर्यंत नेली ती आल्फा रोमेओने: १९७२ च्या आल्फेत्ता या चार दारांच्या मोटारीत तिने क्लच आणि गिअरबॉक्स दोन्ही मागे ठेवले.

फेरारीत ती परतली १९९२ साली, ४५६ जीटीमध्ये. चार वर्षांनी, फेरारीचे अध्यक्ष लूका दी मोन्तेझेमोलो यांच्या कारकिर्दीत, ५५० मारानेल्लोने इंजिन मध्यभागी असलेल्या एफ-५१२एम ची, म्हणजे तेस्तारोस्साच्या शेवटच्या रूपाची, जागा घेतली: ५४७४ सीसी, ४८५ अश्वशक्ती, मागे सहा गिअर आणि ताशी ३२० किलोमीटर वेग. कंपनीच्या प्रमुख मोटारीचे इंजिन तेवीस वर्षांनी पुन्हा पुढे आले होते. २०१२ च्या एफ-१२ बेर्लिनेत्तामध्ये दुहेरी क्लचचा सात गिअरांचा बॉक्स मागे बसला आणि एकूण वजनाचा ५४ टक्के भार मागच्या चाकांवर आला; इंजिन पुढे असूनही गाडी मागे जड झाली. २०२४ साली सादर झालेल्या बारा सिलिंडरी मोटारीत गिअरांची संख्या आठ झाली, शक्ती ८३० अश्वशक्तीवर गेली, आणि गिअरबॉक्स आजही डिफरन्शियलजवळच आहे.