राधानगरीचे दरवाजे उघडले, पण हे धरण आलं कुठनं?

जुलैचा शेवट आला की कोल्हापुरात प्रत्येकाच्या फोनवर तोच मेसेज फिरतोय. राधानगरीचा अमुक नंबरचा स्वयंचलित दरवाजा उघडला, 1428 क्युसेक विसर्ग, राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा इतके फूट इतके इंच. 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका हे इथं शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर आम्ही रात्री दोन-दोनला उठून पातळी बघायचो, शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, आणि गल्लीत जो तो धरणाचा तज्ज्ञ झालेला. त्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट कुणाच्याच तोंडात नव्हती, की हे धरण पुरासाठी बांधलेलंच नाही. ते आलंय दुष्काळातनं.

कोल्हापूर संस्थानचे राजर्षी शाहू महाराज, त्यांच्या हातात कारभार आला 2 एप्रिल 1894 ला. जन्म 26 जून 1874 चा, म्हणजे विशी पण पुरी नव्हती. आणि दोनच वर्षांत, 1896 ला, पाऊस दगा देऊन गेला. बावीस वर्षांचा पोरगा, नवीन गादी, वर ब्रिटिशांचा पोलिटिकल एजंट लक्ष ठेवून, आणि खाली धान्याचे भाव रोज चढतायत. अशा वेळी दरबारात बसून रिपोर्ट मागवता आले असते, बऱ्याच संस्थानांत तेच चालायचं. महाराज स्वतः दुष्काळी भागात फिरले. बाहेरनं धान्य आणून स्वस्त धान्याची दुकानं काढली, रस्ते, विहिरी, तलावांची कामं काढून लोकांच्या हाताला काम दिलं, शेतकऱ्यांना तगाई, म्हणजे सरकारी कर्ज दिलं, जनावरांसाठी चाऱ्याची सोय केली आणि संस्थानची जंगलं चराईला मोकळी केली. जनावराचं एवढं का, असं शहरात वाढलेल्याला वाटेल, पण बैल मेला की पुढच्या वर्षी पाऊस पडून पण उपयोग नाही, पेरणार कशानं?

मला सगळ्यात भारी वाटते ती एक बारकी गोष्ट. दुष्काळी कामांवर बायका पण खडी फोडायला, माती टाकायला यायच्या, कडेवर तान्ही पोरं. पोर उन्हात बांधावर टाकायचं आणि पाटी उचलायची. तर कामाच्या ठिकाणी या पोरांना सांभाळायची सोय केली. 1890 च्या दशकात! आज कित्येक बिल्डिंगच्या साइटवर हे दिसत नाही, वाळूच्या ढिगाऱ्यावर पोरं खेळत असतात, असो.

दुष्काळ सरतोय न सरतोय तोवर प्लेग. मुंबईत 1896 च्या सप्टेंबरात सुरू झालेला, तिथनं रेल्वेबरोबर सगळीकडं. पुण्यात काय झालं ते माहितीच आहे, गोऱ्या सोल्जरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, लोक खवळले आणि 22 जून 1897 ला तिथला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला गेल्या. कोल्हापूर संस्थानात पण उपाय साधारण तेच होते, वस्ती रिकामी करा, बाहेर छावण्यांत राहा, लस टोचून घ्या. पण उपाय एकच असला तरी तो दारात कोण घेऊन येतंय यानं लई फरक पडतो, हे माझं मत, कुणाला पटो न पटो.

आमच्या आज्जीनं तिच्या सासूकडनं ऐकलेलं सांगायची. घरात उंदीर पडला की समजायचं, त्याच दिवशी चूल विझवायची, दाराला कुलूप घालायचं आणि माळावरच्या खोपीत जाऊन राहायचं. दोन-चार भांडी, म्हस आणि जात्याची खुंटी. खुंटीच का, तर म्हणे जातं उचलून नेता येत नाही, निदान खुंटी तरी आपल्याबरोबर असावी. हे खरं की आज्जीनं रंगवलेलं, देवाला माहीत.

तसं बघितलं तर कोल्हापूरची ही गादीच संकटात जन्माला आलेली, ती उभी केली ताराराणींनी. 1700 च्या मार्चमध्ये शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा त्यांच्या राणी ताराराणी पंचवीस वर्षांच्या, मुलगा लहान, आणि औरंगजेब स्वतः फौज घेऊन महाराष्ट्रात तळ ठोकून. एकामागनं एक गड जात होते, 1701 ला पन्हाळा, 1702 ला विशाळगड. पण डाव काय होता बघा, गड पावसाळ्यापर्यंत ताणून धरायचा, मोगलांचा खर्च वाढवायचा, मग पैसे घेऊन गड खाली करायचा आणि ते पुढं गेले की परत घ्यायचा. तिकडं मराठ्यांच्या फौजा माळवा-गुजरातपर्यंत धडका मारत होत्या. 1707 ला बादशहा नगरला वारला, पण मराठ्यांना काही मिटवायला जमलं नाही. कावळा नाक्यावर ताराराणींचा घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे, त्याला वळसा घालून आपण रोज बस पकडायला जातो.

परत शाहू महाराजांकडं. 1899-1900 ला पुन्हा दुष्काळ. इथनं पुढं मला खरा माणूस दिसतो, कारण संकटात धावपळ बरेच जण करतात, एकदा पाऊस पडला की फाइल बंद. इथं उलटं झालं. 1902 ला पाटबंधाऱ्याचं धोरण ठरलं, संस्थानातल्या विहिरी, तळी यांची पाहणी सुरू झाली (त्याच वर्षी 26 जुलैचा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, पण तो वेगळा विषय). आणि मग भोगावती नदीवर मोठं धरण बांधायचं ठरलं. संस्थान केवढंसं, इंजिनिअरिंगचं काम केवढं! 1909 च्या सुमारास काम सुरू झालं, तिथल्या गावाला लेकीचं नाव दिलं, राधाबाईंचं, म्हणून राधानगरी.

पण धरण पुरं झालं नाही. पहिलं महायुद्ध, महागाई, खजिन्याला खर्च पेलेना, 1918 ला चाळीसेक फुटांवर भिंत थांबली. 6 मे 1922 ला महाराज मुंबईत वारले, अठ्ठेचाळीस पण पुरी नव्हती. भरलेलं राधानगरी त्यांनी बघितलंच नाही, ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकात.

आता तिथं सात दरवाजे आहेत, पाणी 347.5 फुटांवर गेलं की आपोआप उचलले जातात, कुणी बटण दाबत नाही. पूर ओसरला, ऑक्टोबर आला की नदीवरच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घालतात, पाणी तुंबतं, ऊस उभा राहतो, उन्हाळ्यात भोगावतीकाठच्या मोटरी चालू असतात. त्याचा मेसेज मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.